दान

मागच्या खोलीत माझं काम एवढंच: मोजणं.
हजार तुकड्यांचं कोडं असेल तर हजार तुकडे,
नऊशे नव्व्याण्णव भरले तर रद्दी.
पत्ते बावन्न. बशा सहा.
थर्सोत लोक मरतात, मागचे घर आवरतात,
आणि सोमवारी सकाळी दुकानाच्या दाराशी
वाऱ्याने फुगलेल्या पिशव्या ठेवून जातात.
दान, म्हणायचं त्याला.

परवा एक खोका आला.
झाकणावर ड्रॅगन, शेपटीवर कॉफीचा गोल डाग,
आणि ठसठशीत: नवशिक्यांसाठी.
आत दोन पातळ पुस्तिका,
चौकटींच्या कागदावर कुठल्याशा तळघराचा नकाशा,
आणि फासे. असले फासे मी जन्मात पाहिले नव्हते,
चार पैलूंचा, आठांचा, बारांचा, विसांचा,
आकडे कोरलेले, पण रंगाविना.
सोबत मेणाचा पांढरा खडू:
तुमचे आकडे तुम्हीच भरा.
कुणीतरी भरले होते. वीस जरा जास्तच घासून.

यादीत फासे सहा. खोक्यात पाच.
दहा पैलूंचा नाही.
म्हणजे रद्दी.

तरी पानं तपासावीत म्हणून पुस्तिका उघडली,
तर ती थेट माझ्याशीच बोलायला लागली:
तू योद्धा आहेस. तुझं गाव आता मागे राहिलं.
माझं? एकसष्ट वर्षांत
इन्व्हरनेसच्या पुढे मी दोनदा गेले,
दोन्ही वेळा गुडघ्यासाठी.

एका हातात सँडविच, दुसऱ्यात फासा.
चौदाव्या परिच्छेदात सापाने मारलं.
पुन्हा पहिल्यापासून.
या खेपेला साप ठाऊक होता,
म्हणून दाराच्या फटीतून आधी कंदिलाचं तेल ओतलं.
तसं करता येईल असं पुस्तिकेत कुठे नव्हतं.
'चालतं,' टॉर्किल म्हणाला.
टॉर्किल तीस वर्षं डूनरीच्या अणुभट्टीत काटे वाचायचा,
नियमांचं पुस्तक दिसलं की त्याचा चष्मा आपोआप चढतो.
'नियमात नाही ते पंच ठरवतो. मी पंच.'
किमतीच्या लेबलांमागे एक ते दहा लिहून
त्याने चिठ्ठ्या केल्या, कान तुटलेल्या कपात टाकल्या.
पुढे कुणीतरी घंटी वाजवत होतं. वाजवू दे.

नकाशाखाली, अगदी तळाला, अजून एक कागद.
नाव: ब्रांडर. योद्धा.
शिसपेन्सिलीचं, उजवीकडे कललेलं पोरकट अक्षर.
मशाली सहा, त्यांतल्या पाच खोडलेल्या.
'प्राण' या चौकटीत इतक्यांदा खोडरबर फिरलेलं
की कागद वर धरला तर पलीकडचा दिवा दिसतो.
तिथे शेवटचा आकडा: एक.
खाली लिहिलेलं:
दारामागे काहीतरी श्वास घेतंय.

बस्स.
मग जेवायला हाक आली असेल,
किंवा शाळा सुरू झाली असेल,
किंवा मोठा भाऊ बोटीवर कामाला गेला.
'अक्षर कुणाचं?' टॉर्किलने विचारलं.
एवढ्याशा गावात सांगता यायला हवं होतं.
नाही आलं.

चाळीस वर्षं हा असाच उभा,
एका प्राणावर,
हात कडीवर.

मी माझा कागद पाहिला.
इश्बेल, दुसरी (पहिलीला साप चावला).
सामान: तलवार, दोर, औषधाची कुपी एक,
टॉर्किलशी पाऊण तास भांडून मिळवलेली.
ती माझ्या यादीतून खोडली
आणि त्याच्या यादीत लिहिली.
पेनाने. खोडरबर चालू नये म्हणून.

दोन्ही कागद खाली ठेवले, वर नकाशा,
फाटक्या कोपऱ्याला टेप,
आणि लेबलावर लिहिलं:
अपूर्ण. एक फासा नाही, चिठ्ठ्या आहेत.
कपासकट साडेतीन पाउंड.

टॉर्किल म्हणाला, तीन कर.
मी म्हटलं,
टाक दान.